सोनपेठकर डॉक्टरांची वाटी-परीक्षा

नोकरीसाठी मी पहिल्यांदा त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं, तेव्हा समोरच्या बाकावर एक धिप्पाड माणूस उताणा झोपला होता. त्याच्या कपाळावर पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळेची वाटी होती. शेजारी स्टुलावर एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. नाकावर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगं, हातात कागद. ते त्या माणसाला एकेक शब्द वाचून दाखवत होते.

"विच्छेदन," गृहस्थ म्हणाले.

वाटीतलं पाणी हिंदकळलं आणि झोपलेल्या माणसाच्या कानात गेलं.

"बाद!" गृहस्थ आनंदानं ओरडले आणि कागदावर काट मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेखनिकबाई ना तुम्ही? त्यांना टॉवेल द्या."

झोपलेले ते गफूरभाई, आमचे कंपाउंडर. वाचणारे ते डॉक्टर सोनपेठकर. आणि वेड्यांच्या दवाखान्यात तर नाही ना आले, अशा विचारानं दारातच खिळलेली ती मी.

माझं तेव्हाचं वर्णन करायला मला आज फार मजा येते. वय बावीस. मंठ्याच्या शाळामास्तरांची लेक. मराठी घेऊन बी.ए. झालेली, आमच्या अख्ख्या बुद्धवाड्यातली पहिली पदवीधर मुलगी. वडिलांनी पेढे वाटले, ते लोकांनी खाल्ले आणि विसरले. मी मात्र विसरायला तयार नव्हते. जोडाक्षर म्हणजे छातीवर लावायचं पदक अशी माझी समजूत होती. घरी आईला "भाजीत मीठ कमी आहे" न म्हणता "लवणाचं प्रमाण न्यून आहे" म्हणायचे. आई म्हणायची, "मंग न्यून घालून खा."

तर मुद्दा वाटीचा. सत्तर सालानंतरची गोष्ट. जालना तेव्हा जिल्हाही झालेला नव्हता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे मोतीबिंदू काढणारे, एवढंच लोकांना ठाऊक. सोनपेठकर मोतीबिंदू काढायचेच, पण कढी-भातासारखा. त्यांचं पक्वान्न वेगळं होतं. डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला, एक पातळ पडदा असतो. दिसणारं चित्र त्याच्यावर उमटतं. या पडद्याला कधीकधी भेग जाते, भेगेतून डोळ्यातलं पाणी मागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो. पूर्ण सुटला की अंधार. हा सुटलेला पडदा परत बसवायचं ऑपरेशन डॉक्टर मोठ्या शहरात शिकून आले होते. तिथेच राहिले असते तर नाव झालं असतं. ते जालन्याला का आले हे कुणी विचारलं की म्हणत, "इथेही डोळे आहेत."

ऑपरेशनपेक्षा अवघड होते त्यानंतरचे दहा दिवस. रोग्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उताणं झोपायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. शिंकायचं नाही, हसायचं नाही, दचकायचं तर बिलकुल नाही. एका दचक्यानं सगळं केलेलं मातीत जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणायचे. आणि पट्टी बांधलेल्या माणसाला दचकवायला काय लागतं? एक शब्द.

म्हणून वाटी. रोग्याच्या कानावर जे शब्द पडणार, ते आधी गफूरभाईंच्या कपाळावर तपासले जायचे. पाणी सांडलं की शब्द बाद.

"डाक्टरसाब, नाक खुजाऊं क्या?" गफूरभाई विचारायचे.

"यादी संपू द्या."

"यादी तो कयामत तक चलेगी, साब!"

तशी त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्या एका ऑपरेशनाला आमच्या दवाखान्यात किती नावं होती! नर्स म्हणायची 'पडद्याचा टाका'. गफूरभाई म्हणायचे 'आँख का पट्टा', कारण डोळ्याला बाहेरून एक रबरासारखी पट्टी शिवायची असे. रोग्यांनी आधी दाखवलेले डॉक्टर कागदावर भलतंच इंग्रजी लिहून द्यायचे. रोग्यांची नावं तर आणखी वेगळी. परतूरकडचे एक आजोबा तीन कागद घेऊन आले होते, तिन्हींवर तीन नावं. म्हणाले, "साहेब, तीन आपरेशनं म्या सोसणार न्हाई. त्यातलं सगळ्यात बारकं कोनतं, ते करा."

त्या दिवशी डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांचं ब्रह्मवाक्य जन्माला आलं: "वस्तू एक, शब्द एक!" पुढे ते हे वाक्य कुठेही वापरायचे. खानावळीत वाढप्यानं एकदा वरणाला 'दाल' आणि दुसऱ्यांदा 'फोडणीचं वरण' म्हटलं, तर त्यालाही ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, पहिल्या वाढीला फोडणी न्हवती."

याच सुमारास राज्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका समितीचा छापील तक्ता आला. पडद्याच्या ऑपरेशनातल्या प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द सुचवा. चार रकाने होते: इंग्रजी शब्द, रूढ शब्द, सुचवलेला शब्द, आणि शेवटी 'आधार'. डॉक्टरांना कुणी लग्नाचं आमंत्रण दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. तक्ता भरण्यासाठीच त्यांनी मला नेमलं होतं.

माणूस विचित्र होता यात शंका नाही. पडदा तपासताना ते डोक्याला दिवा बांधायचे आणि हातात भिंग धरायचे. त्या भिंगातून आतलं सगळं उलटं दिसतं. म्हणून चित्र काढायचा कागद ते रोग्याच्या छातीवर उलटा ठेवायचे आणि उलटंच काढायचे. सुटलेला पडदा निळ्या पेन्सिलीनं, चिकटलेला लाल. ही सवय इतकी हाडीमाशी रुजली होती की वर्तमानपत्रही ते कधीकधी उलटं धरून वाचत बसायचे. मी सांगितलं तर म्हणायचे, "बातम्यांना काही फरक पडत नाही, लेखनिकबाई."

मी तक्त्यावर तुटून पडले. बी.ए.पर्यंतचं शिक्षण एकदाचं कामाला लागणार होतं! ऑपरेशनचं नाव मी सुचवलं: 'दृष्टिपटल-विलगन-निवारण-शस्त्रकर्म'. डॉक्टरांनी ते गंभीरपणे गफूरभाईंवर वाचलं. वाटीतला एक थेंबसुद्धा हलला नाही. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात गफूरभाई घोरायला लागले.

"झोपेचं औषध म्हणून ठेवू," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनसाठी बाद."

असे माझे एकोणीस शब्द बाद झाले. मी रुसले. मनात म्हटलं, या माणसाला संस्कृतचा गंध नाही. त्यांना होता, चांगला होता, हे नंतर कळलं. पण त्यांची कसोटी एकच: "पिंपळगावची बाई हे ऐकून डोकं स्थिर ठेवील का?" पिंपळगाव का, ते मला माहीत नव्हतं. तोंडाला आलं म्हणून म्हणत असावेत. पण बोलाफुलाला गाठ पडली आणि पिंपळगाव रेणुकाईची बाई खरोखरच दारात आली.

सरूबाई. पंचेचाळिशीची, काटक, हातांच्या रेघांत मातीच भरलेली. डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. उरलेल्या उजव्या डोळ्यापुढे आठ दिवसांपासून विजा चमकत होत्या, आणि आता नाकाच्या बाजूनं सावली चढत होती. डॉक्टरांनी दिवा बांधला, चित्र काढलं. निळा रंग जवळजवळ अर्ध्यापर्यंत आला होता.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "नजरेचा गाभा अजून चिकटलेला आहे. दोन-चार दिवस टिकेल. तो सुटला तर मी बसवीन, पण नजर येणार नाही. आणि तिला दुसरा डोळा नाही, लेखनिकबाई. उद्या सकाळीच घेऊ. तोवर तिला पलंगावरून उठू देऊ नका." आणि मोतीबिंदूच्या कामाला आत गेले.

सरूबाई पलंगावर पडून होत्या. घरून कुणी आलं नव्हतं. सून लेकुरवाळी, लेक उसाच्या तोडीवर. त्यांनी मला हाक मारली. "पोरी, तू शिकलेली दिसती. मला बराबर समजून सांग, माझ्या डोळ्याला काय करनार हैत?"

दवाखान्याचा नियम होता: न तपासलेला शब्द रोग्यापुढे काढायचा नाही. पण 'तू शिकलेली दिसती' हे ऐकल्यावर नियम कुणाला आठवतात! मी खुर्ची ओढली, पदर सावरला आणि सुरू केलं. तुमचं दृष्टिपटल विलग झालेलं आहे. नेत्रगोलाचा छेद घेऊन द्रवाचं निस्सारण होईल. मग दहनकर्म करून पटल पुनःस्थापित करण्यात येईल. बोलताना मी स्वतःवर इतकी खूश होते की बाईंचा चेहरा बघायचं राहूनच गेलं.

"दहन?" त्या हळूच म्हणाल्या.

"दहनकर्म," मी दुरुस्त केलं. आणि चहा प्यायला गेले.

परत आले तेव्हा पलंग रिकामा होता. उशीवर दवाखान्याची चादर नीट घडी करून ठेवलेली. पिंपळगावकडे जायची भोकरदनची एसटी गेल्याला अर्धा तास झाला होता.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले, पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणता शब्द?"

मी सांगितला.

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम वेगळेच दिसायचे, कुणी शाळेत विसरून गेलेल्या मुलासारखे. "लिहून ठेवा," म्हणाले. "बाद." आणि अंगातला कोट काढून गफूरभाईंच्या हातात देत स्टँडकडे चालू लागले. मी मागून धावले. तक्ता पाठवायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता, हे त्यांना मी वाटेत सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

भोकरदनपर्यंतचा तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. दर खड्ड्याला डॉक्टर स्वतःच्याच गुडघ्यावर हात आपटत. "ही याच गाडीनं... याच खड्ड्यातून..." असं पुटपुटत. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "मूळव्याध हाय का वो भाऊ?"

पिंपळगावात पोचलो. घर विचारत विचारत गेलो. आणि बघतो तर काय, सरूबाई घरात एका लाकडी ठोकळ्यावर उभ्या राहून कूड लिंपत होत्या! कूड म्हणजे तुरीच्या काड्यांची, मातीनं सारवलेली पातळ भिंत. हात चिखलात कोपरापर्यंत. मान खाली-वर, खाली-वर.

डॉक्टर दारातच थबकले. ओरडावं तर बाई दचकणार! ते चवड्यांवर उभे राहिले, एका पायापुढे दुसरा पाय ठेवत, दुधाच्या भांड्याशी मांजर जाते तसे आत गेले, आणि अंगाई म्हटल्यासारख्या आवाजात म्हणाले, "सरूबाई. मी डॉक्टर. दचकायचं नाही. हळू. डोकं न हलवता, हळूहळू खाली या."

कुडाच्या पलीकडून सुनेनं विचारलं, "आत्याबाई, कोन आलं वो? साप निघाला का?"

"डाक्टर निघालाय," सरूबाई म्हणाल्या. पण उतरल्या.

"असं न सांगता निघून का आलात?"

"मंग काय करू? तुमच्या ह्या पोरीनं सांगितलं, डोळ्याचं दहन करनार. दहन मेल्यावर करत्यात, साहेब. आंधळं व्हायचंच हाय तर घरी होते. पर त्याच्या आधी कूड उरकून घेते. हिच्या हाताला लिंपाय येत न्हाई. म्या आंधळी झाल्यावर पोरंबाळं थंडीत काकडत्याल."

मी जमिनीकडे बघत होते. शेणामातीची सारवलेली सुबक जमीन होती. तिच्यात शिरायला जागा मात्र नव्हती.

डॉक्टर खाली बसले. कुडाकडे बघत राहिले. एका जागी मातीचा भला मोठा पोपडा सुटून पोटासारखा पुढे आला होता. त्यांनी विचारलं, "हा कसा सुटला?"

कामाचं विचारल्यावर सरूबाईंचा आवाज बदलला. "ही बगा, ही भेग. भेगंतून पानी आत गेलं. भिंत आन् पोपडा, दोन्हीच्या मधी पाझर साचला. मंग सुटत सुटत गेला."

"मग आता काढून टाकणार?"

"काढायचा काहून? काढला तं नवीन बसत न्हाई तसा. बारकं भोक पाडून आतला पाझर सोडून द्यायचा. मंग सून बाहीरून फळीचा टेकू देती. कूड थोडा आत येतो, पोपड्याला टेकतो. आन् भेगंच्या कडंनं सांधा घ्यायचा, म्हंजे परत पानी शिरत न्हाई. दोन दिस हात लावायचा न्हाई. हलवला की गेला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे त्या जाड भिंगांमागे बशीएवढे झाले होते. "लेखनिकबाई, वही आणलीय?"

मी वही काढली.

"भेग. पाझर. टेकू. सांधा. लिहा." मग सरूबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या डोळ्याच्या आत असाच पोपडा सुटलाय. मी तेच करणार आहे. हेच, असंच. बारीक भोक पाडून पाझर काढणार. बाहेरून टेकू देणार. भेगेला सांधा घेणार."

 सरूबाईंनी कारागिरानं कारागिराला विचारावा तसा प्रश्न विचारला. "सांधा कशाचा घेता? आमी चुन्यागुळाचा घेतो."

इथे दुसरा कुणी खोटं बोलला असता. डॉक्टर म्हणाले, "चटक्याचा. बारीक चटका देऊन चिकटवतो. डोळा आधी बधिर करतो, तुम्हाला कळणार नाही. पण चटकाच असतो."

"आन् टेकू हलला तं?"

"तुम्ही हलला नाहीत तर तो हलणार नाही. दहा दिवस."

"म्या न्हाई हलायची. लिंपलेलं हलवू ने, येवढं कळतं मला." त्यांनी हात धुतले. "पर हा कूड?"

मग डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. त्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईत, सरूबाईंना जमिनीवर उताणं झोपवून, त्यांच्या तोंडी सूचनांबरहुकूम, एका नेत्रतज्ज्ञानं आणि एका बी.ए. झालेल्या मुलीनं कूड लिंपला. सून बाहेरून टेकू देत होती. "थोपटा वो साहेब, मारू नका त्येला," असं सरूबाई छताकडे बघत ओरडायच्या. माझं लिंपण बघून सुनेनं तोंडाला पदर लावला. गावातली निम्मी माणसं दारात जमली होती. माझं पदवीचं प्रमाणपत्र कुणीही मागितलं नाही.

परत न्यायचं कसं? एसटीचे खड्डे नकोत. कापसाचे दिवस होते. जालन्याच्या जिनिंगकडे निघालेला एक ट्रक थांबवला आणि सुट्या कापसाच्या ढिगावर सरूबाईंना आडवं केलं. डॉक्टर शेजारी कापसात गळ्यापर्यंत रुतून बसले, आणि थेट जालन्यापर्यंत त्यांनी बाईंचं डोकं दोन्ही तळहातांत धरून ठेवलं. मी समोर बसून बघत होते. त्यांच्या भुवयांवर, कानांत, मिशीत कापूस. शिंक आली तेव्हा त्यांनी ती गिळली. शिंक गिळणारा माणूस मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मी बाहेर बसून होते. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, "सरूबाई, आता पाझर सोडतोय... आता टेकू..." आणि बाईंचा, जीभ जड झालेला आवाज, "घट बसवा वो."

मग ते दहा दिवस. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सरूबाई दगडासारख्या पडून राहिल्या. पडदा बसला की नाही, हे पट्टी सुटल्याशिवाय खरं कळणार नव्हतं. डॉक्टर रोज दुपारी तिथे स्टूल घेऊन बसायचे आणि तक्त्यातली एकेक वस्तू समजावून विचारायचे, याला तुम्ही काय म्हणाल? बाई ओठही फारसे न हलवता सांगायच्या. मी लिहायचे. तक्ता भरला. 'आधार' या शेवटच्या रकान्यात बाकी डॉक्टर कोशांची आणि ग्रंथांची नावं लिहिणार होते. आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक ओळीत एकच लिहायला सांगितलं: 'सरूबाई, कूड लिंपणाऱ्या, पिंपळगाव रेणुकाई'.

मी म्हटलं, "साहेब, त्याऐवजी 'लोकव्यवहार' लिहू का? भारदस्त वाटेल."

"लोकव्यवहाराला नाव नसतं का, लेखनिकबाई?"

समितीचं उत्तर यथावकाश आलं. तक्ता मुदतीनंतर पोचला. शिवाय आधार ग्रंथाचा हवा होता. डॉक्टरांनी ते पत्र आधी उलटं धरून वाचलं, मग सुलटं, आणि फाइलला लावलं. आमच्या दवाखान्यात मात्र तेव्हापासून भेग म्हणजे भेग आणि टेकू म्हणजे टेकू. गफूरभाईंची कपाळावरच्या ड्यूटीतून सुटका झाली, म्हणून त्यांनी दवाखान्यात शिरखुर्मा वाटला, तोही ईद नसताना.

पण मला सांगायचंय ते दहाव्या दिवसाचं.

पट्टी सोडायची होती.  खिडक्यांना कापड लावून खोलीत मंद उजेड केला होता. नर्सनं पट्टी उकलली, डोळा कोमट पाण्यानं पुसला. सुजलेला, लाल. सरूबाईंनी तो हळूच उघडला आणि समोर बघत राहिल्या. डॉक्टर वाकून उभे होते. त्यांनी हात पुढे केला. 

"बोटं किती?"

सरूबाई बोटांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर डॉक्टरांच्या छातीवर खिळली होती.  मला वाटलं, गेलं. काहीच दिसत नाहीये.

"बोटं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचा सदरा पांढरा. मंग गुंड्यांना दोरा काळा काहून?"

 मी सदऱ्याकडे बघितलं. खरंच की. पाचही गुंड्या काळ्या रेशमानं लावलेल्या. बारीक, पक्क्या, घट्ट गाठी. तो दोरा मी रोज बघत होते, डोळ्याचे टाके घालायचा दोरा होता तो. सदराही रोज बघत होते. इतके महिने त्या माणसासमोर धडधाकट दोन डोळे घेऊन बसले होते आणि मला तो एकदाही दिसला नव्हता.

"कोनी लावल्या?" सरूबाईंनी विचारलं.

"मीच लावतो," डॉक्टर म्हणाले.

"घरी कोन न्हाई?"

 डॉक्टरांनी मान हलवली, एकदा, नकारार्थी. मग घाईघाईनं केसपेपर ओढला आणि नजरेच्या रकान्यात लिहिलं. मी नंतर बघितलं. आकडा नव्हता. 'गुंडीचा दोरा ओळखला' एवढंच होतं.

"काढून द्या इकडं," सरूबाई म्हणाल्या. "मी लावून देते."

"तीन महिने शिवणकाम नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"मंग तीन महिन्यानं येते."

ही बोलायची पद्धत असते, असं मला वाटलं. पण तीन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, सरूबाई तपासणीला आल्या तेव्हा चिंधीत गुंडाळलेली सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. तपासून झालं. पडदा छान बसला होता. मग त्यांनी नुसता हात पुढे केला.

डॉक्टर आत गेले, सदरा काढून आणला आणि बनियनवर पांढरा कोट गळ्यापर्यंत लावून पुढचा रोगी तपासायला बसले. ओसरीवर, लिंबाच्या सावलीत, सरूबाईंनी आधी पाचही गुंड्यांचे काळे दोरे दातांनी तोडले. मी म्हटलं, "अहो, एकच तर सैल झाली होती. बाकी चार चांगल्या पक्क्या होत्या."

"असू दे. सगळ्या एका हातच्या असाव्या," त्या म्हणाल्या आणि दोरा ओवायला सुई उजेडाकडे धरली. पहिल्याच प्रयत्नात दोरा नेढ्यात गेला.

आत डॉक्टरांसमोरचा रोगी खूप वेळ हनुवटी वर करून बसला होता. त्याला 'वर बघा' सांगून डॉक्टर स्वतः खिडकीतून बाहेर ओसरीकडे बघत राहिले होते.